धडकलेली एम ३४० आय की धड असलेली ३३० आय? नागपुरात जुनी दमदार सेडान निवडताना

नव्या असताना या चार गाड्यांच्या भावांत चांगलंच अंतर होतं. बीएमडब्ल्यू ३३० आय एम स्पोर्ट ऑगस्ट २०१९ मध्ये ४७.९० लाखांना आली. त्याच बॉडीत सहा सिलिंडरचं इंजिन असलेली एम ३४० आय मार्च २०२१ मध्ये ६२.९० लाखांना आली. ऑडी एस ५ स्पोर्टबॅक त्याच महिन्यात ७९ लाखांच्या थोडी वर होती, आणि मर्सिडीज-एएमजी सी ४३ सेडान २०१६ च्या अखेरीस साधारण ७५ लाखांना आली होती. (सगळ्या किमती एक्स-शोरूम.) जुन्या बाजारात मात्र शेवटच्या तिघींपैकी एखादीला ‘थोडा अ‍ॅक्सिडेंट आहे’ असा शेरा लागला की तिचा भाव घसरत घसरत बिनअपघाती ३३० आयच्या शेजारी येतो. रक्कम तीच, पण एकीकडे २५८ हॉर्सपॉवरची स्वच्छ गाडी आणि दुसरीकडे ३५० च्या वरची ठोकलेली. निवड इथेच अडते.

बहुतेक जण हा पेच लोगो पाहून सोडवतात. आमच्या मते आधी दोन गोष्टी पाहाव्यात: मार नेमका कुठे बसला, आणि त्या जागेचे पार्ट किती सहज मिळतात. हॉर्सपॉवर त्यानंतर.

मार कुठे बसला

नागपूरच्या आसपासचे अपघात काही ठरावीक तऱ्हेचे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. रानडुक्कर खालून येतं. बंपर, अंडरट्रे (इंजिनखालचं झाकण), समोरचे रेडिएटर आणि ऑइल कूलर फुटतात, पण चेसिस बहुधा वाचते. रोही, म्हणजे नीलगाय, उंच असतो. तो बोनेटवरून थेट काचेवर येतो, त्यामुळे बंपर जवळजवळ शाबूत आणि काच, काचेच्या बाजूचे पिलर, छताची पुढची कड मात्र दबलेली, असं चित्र दिसतं. विकणारा ‘फक्त काच बदलली’ म्हणतो, तेव्हा पिलर नीट बघावेत. ट्रकच्या मागे घुसलेल्या गाडीत बोनेट आणि दिवे जातात. ट्रकची मागची कड बंपरच्या वर असल्यामुळे बंपरमागचा बीम कधीकधी कोरा राहतो आणि सगळा जोर वरच्या एप्रनवर, म्हणजे फेंडरच्या आतल्या पत्र्यावर येतो.

चौथा प्रकार समृद्धीवरचा. काँक्रीटचा सरळ रस्ता, कारला ताशी १२० ची मुभा, वर मे महिन्यातलं ऊन. त्यात पाच वर्षांचं टायर फुटलं की गाडी दुभाजकाला घासते किंवा गोल फिरते. अशा गाडीचे पत्रे बदलून ती छान दिसू शकते, पण मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं तो सांगाडा) आणि सस्पेन्शनच्या आर्म वाकलेल्या राहतात. हे डोळ्यांनी कळत नाही, अलाइनमेंटच्या कागदावर कळतं.

बोल्टने बसणारा भाग बदलला असेल, म्हणजे बोनेट, फेंडर, दार, डिकी किंवा बंपर, तर ते नुकसान भाव पाडून घ्यायच्या कामाचं. कापून जोडलेला भाग, म्हणजे चेसिस रेल (सांगाड्याच्या लांब पट्ट्या), एप्रन, पिलर, छत किंवा फ्लोअर, ही गाडी सोडायची खूण. इतक्या वेगाच्या गाडीत पुढच्या धडकेचा जोर ठरलेल्या वाटेने जिरावा म्हणून ते पोलाद ठरावीक जागी ठरावीक जाडीचं असतं. तिथे गॅस वेल्डिंग झालं की पोलादाचा गुण जातो. पुढची धडक तो भाग कशी पेलेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

चारही गाड्या शेजारी ठेवून

एम ३४० आय. ३ लिटर, सहा सिलिंडर, ३८७ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. अपघाती गाडी घ्यायचीच असेल तर एम ३४० आय, एस ५ आणि सी ४३ या तिघींत हिचं पारडं जड आहे, आणि त्याचं कारण इंजिन नाही. ही चेन्नईत जोडली जाते आणि दारं, बोनेट, फेंडर, काचा हे बरंचसं साध्या थ्री सिरीजशी जुळतं. त्यामुळे मूळ पार्ट मागवणं, किंवा दुसऱ्या गाडीचं चांगलं दार मिळवणं, दोन्ही शक्य होतं. पार्ट मिळाला की जुना ठोकून पुट्टी भरायची गरज उरत नाही.

हिच्या दोन दुखऱ्या जागा आहेत. पहिली कूलिंगची. टर्बोची हवा पाण्याने थंड होते, त्यासाठी समोर वेगळा रेडिएटर असतो. समोरून ठोकलेल्या गाडीत पैसे वाचवायला हवेच्या झडपा, प्लास्टिकचे एअर-गाइड आणि अंडरट्रे बसवलेच जात नाहीत. डिसेंबरात काही जाणवत नाही. मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की तापमान चढतं आणि गाडी ताकद कापते. दुसरी जागा ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाची. अपघातात एकच टायर फुटलं आणि एकच नवं घातलं, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि आतली क्लच प्लेट सतत घासत राहते. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, धक्के देत वळली तर पुढे बोलूच नका.

एस ५ स्पोर्टबॅक. ३ लिटर व्ही ६, ३५४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद. खरं तर ही पाच दारांची, मागचं झाकण काचेसकट उघडतं. सामान ठेवायला सोयीचं, पण मागून ठोकली गेली तर झाकण, काच आणि बिजागऱ्या एकदमच खर्चात येतात. चालवायला या चौघींत सर्वांत शांत आणि मुरलेली हीच वाटते. अडचण एवढीच की ही पूर्ण तयार होऊन आयात झालेली आणि थोडीच विकली गेलेली गाडी आहे. दार किंवा दिवा लागला तर परदेशातून येईपर्यंत आठवडे जातात, आणि तोवर गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खाते. एवढी वाट पाहणं बहुतेक मालकांना झेपत नाही, म्हणून अपघाती एस ५ मध्ये जुनाच पत्रा सरळ केलेला सापडण्याची शक्यता जास्त. बदललेल्या पार्टची बिलं नसतील तर हिच्यावर वेळ घालवू नका.

सी ४३. ३ लिटर व्ही ६, दोन टर्बो, ३६७ हॉर्सपॉवर. आवाज या चौघींत सर्वांत जिवंत, आणि दारं-काचा पुण्याजवळ चाकणला जोडल्या गेलेल्या त्या पिढीच्या सी-क्लासशी जुळतात, हा मोठा दिलासा. पण एएमजीचे बंपर, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग वेगळे. हिच्या बाहेरच्या पत्र्यांत अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे: बोनेट, फेंडर, दारं, छत. गल्लीतल्या डेंटरला पोलादाचा हात असतो. अ‍ॅल्युमिनियम तापवून ठोकलं की ते ताणतं, तडकतं, आणि एकाच अवजारांनी दोन्ही धातूंवर काम केलं तर पोलादाचे कण रुतून रंगाखाली फोड येतात. दाराच्या खालच्या कडेवर बारीक फुगवटे दिसले तर हेच झालेलं असतं.

सी ४३ च्या वयाचाही हिशेब करा. बहुतेक विमा कंपन्या झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीत घसारा न कापणारा विमा, ठरावीक वयापर्यंतच देतात. ते नसेल तर पुढच्या अपघातात प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगच्या किमतीतली निम्मी रक्कम तुमच्या खिशातून जाते, आणि धातूच्या पार्टवर वयानुसार कपात. एएमजीचा बंपर आणि दोन दिवे धरले तर हा आकडा छोटा नाही.

३३० आय. २ लिटर, चार सिलिंडर, मागच्या चाकांना ताकद. ट्रान्सफर केस नाही, म्हणजे ती काळजीच नाही. इंजिन ऑइलही कमी लागतं: हिला पाच लिटरच्या आसपास, सहा सिलिंडरला साडेसहा. शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आसपास गाठते. नागपूर-अमरावती रस्त्यावर याहून जास्त ताकद वापरायला जागा क्वचित मिळते.

तपासणी: आकडे काय सांगतात

पेंटची जाडी मोजणारा गेज हे पहिलं अवजार. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. २०० ते ३०० आला तर पत्रा पुन्हा रंगवलाय, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नागपूरच्या पार्किंगमध्ये ओरखडे पडतातच. ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे. गेज अ‍ॅल्युमिनियम ओळखणारा हवा. बीएमडब्ल्यूच्या बोनेट-फेंडरवर आणि मर्सिडीजच्या बहुतेक पत्र्यांवर चुंबक चिकटतच नाही, आणि ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे पुट्टी’ म्हणून चांगली गाडी सोडणारेही असतात. दारांपेक्षा पिलर आणि दाराच्या चौकटीवर जास्त वेळ द्या. तिथे ओरखडे पडत नाहीत, म्हणून तिथे रंगाची जाडी वाढलेली दिसली तर कारण मोठं असतं.

बोनेट उघडून एप्रनच्या कडेचे स्पॉट वेल्ड बघा. कारखान्याचे गोल, छोटे खळगे एकसारख्या अंतरावर असतात. हाताने केलेले फुगीर, वेडेवाकडे, वर घासल्याच्या रेघा. बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडाला असेल तर तो भाग निघाला होता. काचांवरच्या छाप्यातलं साल सगळ्या खिडक्यांवर जवळपास एक हवं.

एअरबॅग हा सर्वांत धोक्याचा भाग, कारण इथे फसवणूक दिसत नाही. चावी दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो काढून टाकलाय. वेळेवर विझला तरी एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून यंत्रणेला फसवता येतं, म्हणून डॅशबोर्डचा प्रवासी बाजूचा पोत आणि शिवण बघा, आणि चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धडकेत आवळला गेलेला पट्टा पुन्हा नीट गुंडाळत नाही. पट्ट्याच्या लेबलवर साल असतं, ते गाडीच्या सालाशी जुळतं का तेही बघा. बीएमडब्ल्यूत बॅटरी डिकीत असते आणि तिच्या मुख्य वायरीला एक छोटा स्फोटक जोड असतो. धडकेत तो वायर तोडतो, म्हणजे आग लागत नाही. स्वस्तातल्या दुरुस्तीत नवा जोड घालण्याऐवजी वायर थेट जोडून देतात. डिकीचा तळ उचलून हे बघायला दोन मिनिटं लागतात.

स्कॅनर लावला आणि एकही फॉल्ट नसेल तर लगेच समाधान मानू नका. इंजिनच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर फॉल्ट नुकतेच पुसलेत. दोन-तीन दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन मागा. अलाइनमेंटचा प्रिंट घ्या. डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या आत-बाहेरच्या कलात, अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल आणि तो सेटिंगने जात नसेल, तर काहीतरी वाकलेलं आहे.

कागद काय सांगतात

मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसची ओळ वाचा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला २० टक्के बोनस असेल, तर मागच्या दोनेक वर्षांत क्लेम झालाय. दोन अपवाद लक्षात ठेवा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे दुसऱ्या मालकाचा बोनस नव्याने सुरू झालेला असू शकतो. आणि बोनस-संरक्षण घेतलं असेल तर क्लेम होऊनही तो टिकतो. म्हणून मालकाकडून विमा कंपनीला ईमेल करवून क्लेमचा तपशील घ्या. सर्व्हेचा अहवाल मिळाला तर बदललेल्या पार्टची यादी एका कागदावर हाती येते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. ती लिलावात जाते आणि पुष्कळदा पुन्हा उभी राहून बाजारात येते. क्लेमची रक्कम आणि त्या वर्षीचा आयडीव्ही शेजारी मांडला की हे कळतं.

एमएच-३१, ४० किंवा ४९ ची, म्हणजे नागपूरचीच गाडी असेल तर ती नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. छत्तीसगड, मध्य प्रदेश किंवा दिल्लीची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. तो किती बसेल हे आरटीओत आधी विचारा, कारण स्वस्त वाटणारी परराज्याची गाडी इथेच महाग पडते. नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमाही नावावर करायचा.

पाण्यात बुडालेली

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आजूबाजूच्या वस्त्यांतल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या आधीच्या कुठल्याही नागपूर पासिंगच्या गाडीचा तेव्हाचा पत्ता आणि त्या महिन्यानंतरचं सर्व्हिस रेकॉर्ड विचारणं यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. या गाड्यांत वायरिंग आणि मॉड्यूल गालिच्याखाली आणि डिकीत असतात. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू होते, वर्षभर चालतेही, मग कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि रोज नवा फॉल्ट निघतो. सीटच्या रुळांचा गंज, सीटबेल्टच्या शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ, गालिच्याखालच्या फोमचा ओला वास, यांतली एक खूण पुरे. ठोकलेली गाडी दुरुस्त होते. बुडालेली अशी सेडान कितीही कमी भावात घेऊ नये.

कोणी काय घ्यावं

रोज चालवायची, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला नाही: स्वच्छ ३३० आय. ताकद हवी आहे, दोन-तीन लाख राखीव ठेवता येतात आणि वरची तपासणी करायची चिकाटी आहे: बोल्टचे भाग बदललेली, बिलं आणि सर्व्हे अहवाल असलेली एम ३४० आय, तीही त्याच वर्षाच्या बिनअपघाती गाडीपेक्षा किमान १५ टक्के कमी भावात. पिलर, रेल किंवा छताला हात लागला असेल तर सवलतीचा आकडा विचारूच नका. सी ४३ घरात आणखी एक गाडी असलेल्याने घ्यावी. एस ५ फक्त बिनअपघाती.

टोकन देताना कागदावर लिहून घ्या: लिफ्टवरची तपासणी, स्कॅन आणि क्लेमचा तपशील यांत न सांगितलेलं नुकसान निघालं तर टोकन परत. आणि गाडी दुपारी दोन वाजता बघा, रात्री दिव्याखाली नाही. नागपूरच्या उन्हात पत्र्यावरची लाट आणि रंगाच्या छटेतला फरक दोन्ही उघडे पडतात, आणि इंजिन किती तापतं तेही त्याच वेळी कळतं.