जॅक्सबी आणि चुकीचा एक्सएमएल: काही महिने वापरल्यानंतर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा ऑर्डर घ्यायचा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. खरेदीदारांकडून ऑर्डरची एक्सएमएल फाइल येते, जॅक्सबी ही जावाची लायब्ररी तिचे जावा ऑब्जेक्ट करून देते. लायब्ररी भरवशाची आहे. फक्त जशी मिळते तशी वापरू नका.

स्कीमा (फाइल कशी असावी याचे नियम) आणि हँडलर (चूक सापडली की चालणारा कोड) दिला नाही, तर जॅक्सबी 2 पासून पुढे ती किरकोळ चुका चक्क गिळते. नगांच्या जागी '1,250' असं स्वल्पविरामासकट आलं की इंट फील्ड शून्यावरच राहतं. तारीख '31/03/2024' अशी आली की नल, म्हणजे रिकामी. एक्सेप्शन नाही, काही नाही. शून्य नगांची ऑर्डर बिनबोभाट मागापर्यंत पोचू शकते!

म्हणून सेटस्कीमा आणि सेटइव्हेंटहँडलर दोन्ही हवेत. हँडलरने ट्रू दिलं तर वाचन चालू राहतं, फॉल्स दिलं तर तिथेच थांबतं. पहिल्याच चुकीला थांबलो तर प्रत्येक चुकीसाठी खरेदीदाराला वेगळा फोन करावा लागतो, आणि पलीकडचा माणूस वैतागतो. आम्ही प्रत्येक चूक यादीत टाकून नेहमी ट्रू देणारा हँडलर लावला. तो सगळ्या चुका एकदम गोळा करतो. पण मग चुका असूनही ऑब्जेक्ट हातात येतो, त्यामुळे यादी रिकामी आहे का हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

संदेशांचं मात्र अवघड आहे. एकाच चुकीच्या आकड्याला 'सीव्हीसी-डेटाटाइप-व्हॅलिड.1.2.1' आणि लगेच 'सीव्हीसी-टाइप.3.1.3' अशी दोनदा बोंब. ऑर्डर बघणाऱ्या ताईंना हे दाखवून काय उपयोग? लोकेटरमधून (चुकीची जागा सांगणारा भाग) ओळ क्रमांक घेऊन आम्ही दोन्ही एकत्र करतो आणि 'ओळ 42: नगसंख्येत स्वल्पविराम नको' एवढंच दाखवतो. त्यासाठी फाइल थेट स्ट्रीममधून द्या. आधी डॉम (फाइलचं मेमरीतलं झाड) बनवून दिलात तर ओळ क्रमांक -1 येतो.

एक्सएमएलची रचनाच मोडली की येणाऱ्या फेटल एररपुढे हँडलरचं काही चालत नाही, ट्रू द्या नाहीतर फॉल्स. आमच्याकडे दोनच कारणं वारंवार येतात: फर्मच्या नावातलं मोकळं '&', आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येणारं '', जे एक्सएमएल 1.0 मध्ये चालतच नाही. दुसरं आम्ही वाचनाआधी गाळतो. पहिलं मात्र दुरुस्त करत बसत नाही, फाइल परत पाठवतो. दुसऱ्याच्या ऑर्डरमध्ये अंदाजाने हात घालणं मला पटत नाही.

नवीन प्रोजेक्ट असेल तर लक्षात ठेवा, जावा 11 पासून जॅक्सबी जेडीकेमध्ये (जावाचा मूळ संच) नाही, वेगळी जोडावी लागते. 3.0 पासून पॅकेजचं नावही जावाएक्सचं जकार्ता झालं. क्लासवर जुनी ॲनोटेशन आणि रनटाइम नवा अशी भेसळ झाली की ॲनोटेशन वाचलीच जात नाहीत. स्कीमा एकदा बनवून सगळ्या थ्रेडना वापरता येते, अनमार्शलर (एक्सएमएलचे ऑब्जेक्ट करणारा भाग) मात्र प्रत्येकाला वेगळा.

जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) आणि मापावरून टॉवेलचं वजन जुळतं का, हे मात्र जेडीकेसोबतच्या एक्सएसडी 1.0 ला (स्कीमा लिहायची भाषा) सांगता येत नाही. ती तपासणी ऑब्जेक्ट तयार झाल्यावर वेगळी लिहिली आहे, आणि तिच्या चुकाही त्याच यादीत दाखवतो.