हनीकोम्ब अल्फा योक आणि ब्रावो थ्रॉटल : घरच्या कॉकपिटच्या दृष्टीने परीक्षण

हनीकोम्ब कंपनीचा अल्फा योक (विमान कलवण्याचे आणि नाक वरखाली करण्याचे सुकाणू) आणि ब्रावो थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनाची शक्ती ठरवणाऱ्या लिव्हरचा संच) हे दोन भाग स्वतंत्रपणे विकले जातात. तरीही घरी सिम्युलेटरचे कॉकपिट बांधणाऱ्याने त्यांचा विचार एकत्रच करावा, कारण डाव्या आसनावरच्या वैमानिकाचा डावा हात योकवर आणि उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि जवळजवळ सगळे उड्डाण या दोन हातांमध्येच घडते. टेबलावर तात्पुरते ठेवायचे आणि खेळून झाले की उचलून ठेवायचे उपकरण म्हणून नव्हे, तर सांगाड्यात कायमचे बसवायचे भाग म्हणून मी या जोडीकडे पाहिले. नजर पडद्यावरून न काढता हाताला हवे ते सापडते का, आणि जे सापडते ते विमानातल्यासारखे वागते का, एवढीच कसोटी येथे लावली आहे.

अल्फाच्या जमेच्या बाजूला सर्वांत आधी त्याचा फेर मांडावा लागेल. हा योक एकूण १८० अंशांत, म्हणजे दोन्ही बाजूंना ९०-९० अंश फिरतो. स्वस्तातले अनेक योक एकूण ९० अंशच फिरतात, त्यामुळे एलेरॉनची, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांची, सगळी हालचाल निम्म्या फेरात कोंबली जाते आणि हात जरासा हलला तरी विमान नको तेवढे कलते. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमध्ये संवेदनशीलतेचा आलेख वाकवता येतो, पण मग योक मध्यभागी मंद आणि टोकाकडे तिखट होतो. आडव्या वाऱ्यात उतरताना नेमके टोकाकडचे नियंत्रण लागते, तेव्हा हा उपाय उलटतो. अल्फामध्ये तशी वेळ सहसा येत नाही. त्याचा दांडा पोलादी असून बेअरिंगवर सरकतो, आणि त्याच्या एक्सपीसी आवृत्तीत हालचाल मोजण्यासाठी हॉल इफेक्ट सेन्सर वापरले आहेत. चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजणाऱ्या या सेन्सरमध्ये घासणारा भागच नसतो. पोटेन्शिओमीटर या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमधली घासणारी पट्टी मात्र कालांतराने झिजते, तिच्यात धूळ बसते, आणि हात स्थिर असतानाही पडद्यावरचे विमान थरथरू लागते.

योकखालच्या पट्टीवर बॅटरी, अल्टरनेटर, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे) आणि बाहेरचे दिवे यांचे खटके आहेत, आणि उजवीकडे बंद, उजवा, डावा, दोन्ही व स्टार्ट अशा पाच स्थानांचा इग्निशनचा खटका आहे. वरवर शोभेची वाटणारी ही सोय फार उपयोगाची आहे. सेसना १७२एस या छोट्या विमानात उड्डाणापूर्वी इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर आणून दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रे, एकेक करून तपासतात. कोणत्याही एका मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त फेऱ्या घटता कामा नयेत आणि दोन्हींच्या घटीतला फरक ५० पेक्षा जास्त असता कामा नये. ही तपासणी माऊसने केली की डोळे खटक्यावर खिळतात आणि जे पाहायचे ते फेऱ्यांचे मापक बाजूला राहते. अल्फावर बोटे खटका मोजून फिरवतात आणि डोळे मापकावर राहतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. सिम्युलेटर सुरू होताना विमान ज्या अवस्थेत येते, तीच अवस्था प्रत्यक्ष खटक्यांचीही असेल असे नाही. इंजिन चालू असलेले विमान धावपट्टीवर निवडायचे आणि खटके मात्र बंद ठेवायचे, असे केले की गोंधळ होतो. थंड, बंद विमानापासून सुरुवात करण्याची सवय लावून घेतली तर हा प्रश्न उरत नाही, आणि उजळणीही होते.

आता उणिवेकडे वळू. ती अल्फाची एकट्याची नाही, स्प्रिंगवर चालणाऱ्या प्रत्येक योकची आहे. खऱ्या विमानात वेग बदलला की नाक हव्या त्या ठिकाणी राखण्यासाठी योकवर जोर द्यावा लागतो. मग ट्रिमचे चाक फिरवत तो जोर नाहीसा करायचा असतो, आणि या सगळ्यात योक जिथे धरला आहे तिथेच राहतो. स्प्रिंगच्या योकचे मध्यस्थान कायमचे ठरलेले असते. ट्रिम फिरवू तसतसा योक त्याच गतीने मध्याकडे सोडत न्यावा लागतो, आणि दोन्हींचा मेळ चुकला की विमान वरखाली डोलू लागते. सिम्युलेटरवर ट्रिम शिकलेल्या माणसाच्या हाताला ही वेगळीच सवय जडते, आणि पुढे खऱ्या विमानात ती मोडावी लागते. याशिवाय, वेग कमी होत गेला की नियंत्रणे ढिली पडतात. स्टॉलपूर्वीची, म्हणजे पंखांची उचल एकदम घटण्यापूर्वीची, ही महत्त्वाची सूचना हाताला मिळत नाही, कारण स्प्रिंगचा ताण ४० नॉटला आणि १२० नॉटला सारखाच असतो. मोटरने उलटा जोर देणारे योक हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवतात, पण त्यांची किंमत आणि वजन दोन्ही वेगळ्याच वर्गातले आहे.

ब्रावोचे मूल्यमापन याहून गुंतागुंतीचे ठरते, कारण त्याच्या रचनेत एकाच वेळी अनेक विमाने डोकावतात. सहा लिव्हरच्या मुठी काढून बदलता येतात, त्यामुळे एका दिवशी थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण) यांच्या काळ्या, निळ्या व लाल मुठी, तर दुसऱ्या दिवशी रिव्हर्सरसह (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा वळवणाऱ्या लिव्हरसह) जेट विमानाच्या मुठी अशी मांडणी होते. लिव्हरची चाल भरीव आहे आणि त्यांचा घट्टपणा हवा तसा ठेवता येतो. ट्रिमचे मोठे चाक हाताखाली योग्य जागी येते, पण ते फिरवल्यावर सलग स्थान नव्हे तर एकामागून एक स्पंद पाठवले जातात. एका स्पंदाला ट्रिम किती सरकावी हे सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला ठरवावे लागते. ते न करता चाकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

माझ्या कसोटीवर ब्रावो दोन ठिकाणी कमी पडतो. ऑटोपायलटच्या पट्टीवर उंची, चढउताराचा दर, दिशा, कोर्स आणि वेग यांपैकी एक निवडण्यासाठी एक नॉब आणि त्याचे मूल्य बदलण्यासाठी दुसरा नॉब आहे, पण आकडा दाखवणारी खिडकी नाही. आकडा पाहायला पडद्यावरच्या पॅनेलकडे वळावे लागते, आणि निवडीचा नॉब कशावर आहे ते पाहायला पुन्हा खाली. दिशा बदलायला जावे आणि उंची बदलावी, ही चूक या रचनेत स्वाभाविक आहे. दुसरी बाब फ्लॅपची, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या झडपांची. ब्रावोचा फ्लॅपचा लिव्हर वर किंवा खाली दाबला की परत मध्ये येतो, त्यामुळे फ्लॅप १० अंशांवर आहेत की ३० वर, हे हात लावून कळत नाही. उलट विमानाची चाके आतबाहेर करण्याचा लिव्हर दिव्यांसह उत्तम आहे, फक्त ते व इतर सूचक दिवे प्रत्यक्ष स्थितीनुसार लागावेत यासाठी सिम्युलेटरबाहेरचे सहायक सॉफ्टवेअर बसवावे लागते.

या जोडीबद्दल खरा प्रश्न तिच्या गुणवत्तेचा नसून ती कोणत्या विमानाची, हा आहे. योक आणि इग्निशनचा खटका पाहून सेसना १७२ डोळ्यांसमोर येते, पण त्या विमानात थ्रॉटल आणि मिक्श्चर पॅनेलमधून आतबाहेर ढकलायच्या दांड्यांवर असतात, लिव्हरवर नव्हे. बोइंग ७३७ चा योक जमिनीतून वर आलेल्या स्तंभावर असतो आणि एअरबस ए३२० मध्ये तर बाजूची काठी असते, म्हणून जेटच्या मुठी लावल्या तरी डावा हात दुसऱ्याच विमानात राहतो. पॅनेलमधून बाहेर आलेला योक, चावीचे इग्निशन, तीन लिव्हर आणि आत घेता येणारी चाके हे सगळे एकत्र सापडते ते पायपर पीए-२८ अॅरो या विमानात. त्यातले फ्लॅप दोन आसनांमधल्या हाताच्या दांड्याने चालतात, एवढा फरक सोडला तर या जोडीला त्याच्याइतके जवळचे दुसरे विमान मला दिसत नाही. कॉकपिट एकाच विमानाचे बांधायचे असेल तर आधी विमान ठरवावे. १७२ ठरले तर अल्फा घ्यावा, ब्रावो घेऊ नये, आणि ढकलदांड्यांचा वेगळा संच शोधावा किंवा स्वतः करावा.

बसवण्याबाबत उंचीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. अल्फाचा दांडा त्याच्या पेटीच्या तळापासून बराच वर आहे. ७५ सेंटीमीटर उंचीच्या नेहमीच्या टेबलावर तो ठेवला की हात छातीच्या उंचीवर येतात आणि खांदे लवकर दुखू लागतात. गुडघ्यांना जेमतेम जागा राहील अशी खालची फळी योकसाठी वेगळी करावी आणि ब्रावो तिच्या उजवीकडे, कोपर वाकलेले राहील अशा पातळीवर घ्यावा. सोबत मिळणारे क्लॅम्प टेबलासाठी चांगले आहेत, कायमच्या सांगाड्यात मात्र योकला मागून अडसर द्यावा, म्हणजे जोरात ओढल्या-ढकलल्यावरही फळी डुलणार नाही.

योकमुळे पडदा मागे जातो, हेही हिशेबात धरावे. २७ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंटीमीटर असते आणि ७० सेंटीमीटरवरून तो जेमतेम ४६ अंशांचे दृश्य देतो. डावीकडून फेरी घेऊन उतरताना धावपट्टी या चौकटीत दिसतच नाही, म्हणून तीन पडदे किंवा डोक्याची हालचाल टिपणारे उपकरण लागते. तरीही पैसे मोजकेच असतील तर मी आधी हातापायांकडे पाहीन. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांचा उपयोग करून जे प्रशिक्षणयंत्र बनवले, त्यात झाकण लावून केवळ उपकरणांवर उडायला शिकवले जाई, आणि बाहेरचे दृश्य नसताना त्यावर पिढीच्या पिढी तयार झाली.

पायाने चालवायची रडरची (शेपटीवरच्या सुकाणूची) पेडल या जोडीत येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय जमिनीवर वळणे व आडव्या वाऱ्यात उतरणे अर्धवट राहते, म्हणून दोन्ही पायांच्या पंज्यांनी ब्रेक लावता येणारा संच त्याच खरेदीत धरावा. यूएसबी २.० च्या एका जोडणीला ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज मिळते, तेव्हा दिवे असलेली ही उपकरणे स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या हबवर जोडावीत आणि विंडोजमधली यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद करावी, नाहीतर शांतपणे चाललेल्या लांबच्या उड्डाणात एखादे उपकरण झोपी जाते आणि ते कळते उतरण्याच्या वेळी.