आमच्या वाडीत एअरफायबर: एका पावसाळ्यानंतर

घरापर्यंत फायबरची वायर धड येत असेल आणि ती तुटल्यावर जोडायला येणारा माणूस फोन उचलत असेल, तर एअरफायबर, म्हणजे वायरीऐवजी टॉवरच्या ५जी सिग्नलवर चालणारं घरचं इंटरनेट, घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या टाकीवरचा पांढरा खोका बघून अर्धी वाडी मला विचारून गेलीय.

आता आमची परिस्थिती. कोकणात, राजापूर तालुक्यात डोंगराच्या उताराला घर, डांबरी रस्ता खाली. मी मुंबईतल्या काही दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी घरी बसून बघते. रिमोटवर टॅली चालू, बिलांचे स्कॅन वर चढवायचे, मधूनच व्हिडिओ कॉल. घरात सासूबाईंच्या मालिका, मुलाचे क्लास आणि गेम, नवऱ्याचे बागेतले कॅमेरे.

आधी, आणि अजूनही, केबलवाल्याचं फायबर आहे. त्याची वायर रस्त्यावरून वर येते ती कधी खांबाला, कधी फणसाला, कधी कोणाच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून. पावसाळ्यात फांदी पडते. दिवाळीनंतर ग्रासकटर चालतो आणि गवताबरोबर वायरही जाते. वानरं तर बारा महिने. वायर तुटली की घरातल्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि मग केबलवाल्या दादांना फोन. काचेची तार असल्यामुळे साध्या चिकटपट्टीने भागत नाही, दोन टोकं वितळवून जोडायचं मशीन लागतं. ते मशीन त्यांच्याकडे एकच. त्या दिवशी ते दुसऱ्या टोकाच्या गावात असलं, तर आपला नंबर उद्या. तौक्ते आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, विजेचेच खांब आडवे झाले होते, तिथे इंटरनेटचं कोण विचारतो. पण एरवीच्या पावसाळ्यातसुद्धा ऐन रिटर्नच्या तारखेला लाल दिवा लागला की माझा जीव टांगणीला.

म्हणून एअरफायबर. एअरटेलने ते ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत सुरू केलं, जिओने त्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीला आठ शहरांत. गावांपर्यंत यायला वेळ लागला. मी कोणाचं घेतलं ते लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि दोघांचं तंत्र मुळात एकच आहे. टॉवरपासून घरापर्यंत ५जी, छपरावर अँटेनाचा खोका, तिथून एकच नेटवर्क केबल खाली. त्याच केबलमधून वरच्या खोक्याला वीजही जाते, वर वेगळा प्लग लागत नाही. घरात नेहमीसारखा वायफायचा राउटर.

बसवायला दोन मुलं आली. कौलांवर चढायची सोय नाही म्हणून पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर पाइप उभा केला. एक जण खोका फिरवतोय, दुसरा मोबाईलमधला सिग्नलचा आकडा वाचतोय. बाजारातला टॉवर जवळ आहे, पण मधे डोंगराचं नाक येतं. पलीकडच्या सड्यावरचा, म्हणजे डोंगरावरच्या पठारावरचा, लांब आहे, पण टाकीवर उभं राहिलं तर डोळ्यांना दिसतो. "वहिनी, दिसतोय तोच घेऊया," म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. उणे ९२ वर आकडा थांबला. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे शंभराच्या पलीकडे गेला की वेग ढेपाळायला लागतो.

पहिले काही दिवस मी खूश. १०० एमबीपीएसचा प्लॅन, सकाळी नव्वदच्या आसपास मिळायचे. मग पाऊस लागला आणि आकडा उणे १०४. सगळे म्हणाले पावसाने होतं. पावसाने नाही होत. ५जीच्या रेडिओलहरींचा जो पट्टा घरांसाठी मुख्यतः वापरतात, ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, त्याला पावसाच्या थेंबांचं फारसं वाटत नाही. त्याला त्रास ओल्या पानांचा. खोका आणि सडा यांच्या मधे आमचाच पायरीचा आंबा उभा. पानं भिजली की सिग्नल पिऊन टाकायची, दुपारी ऊन पडून सुकली की परत वेग. फांदी तोडू म्हटल्यावर नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला. शेवटी पाइप टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. त्यासाठी माणूस यायला आठवडा गेला. शहरातल्यांसाठी एक जोड: काही ठिकाणी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तो वेगाला अफाट आहे, पण पान, भिंत, जोराचा पाऊस, सगळंच त्याला अडवतं. तिथे टॉवर समोरच हवा.

पण पाऊस ही लहान गोष्ट निघाली. मोठी गोष्ट म्हणजे टॉवर आपल्या एकट्याचा नसतो. फायबरची तारही पुढे वाटलेलीच असते, पण तिच्यात जागा इतकी असते की वाडीच्या वाट्याला कमी पडत नाही. केबलवाल्याच्या ५० च्या प्लॅनमध्ये मला सकाळी ५० आणि रात्रीही ५० मिळतात. एअरफायबरचे नव्वद रात्री नऊनंतर तीस-चाळीसवर येतात. गणपतीत चाकरमानी आले, प्रत्येकाच्या हातात ५जी फोन, आरती संपायच्या आत व्हिडिओ स्टेटसला. त्या आठवड्यात आमचे दहा-बाराच उरले. सासूबाईंची मालिका एवढ्यातही चालते, त्यामुळे घरात तक्रार करणारी मी एकटीच.

कारण माझं पोट अपलोडवर आहे. जाहिरातीत १०० लिहितात ते फक्त खाली उतरणारे. ५जीमध्ये एकाच पट्ट्यात वेळ वाटून दिलेला असतो, बराचसा डाउनलोडला, थोडासा अपलोडला. त्यामुळे माझं अपलोड सकाळी दहाच्या आसपास आणि रात्री तीन-चार. फायबरच्या बहुतेक प्लॅनमध्ये दोन्ही बाजू सारख्या असतात. बिलांचं जाड पीडीएफ चढवताना, क्लायंटला स्क्रीन दाखवताना हा फरक लगेच कळतो. पिंगचंही, म्हणजे इथून इशारा जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळाचंही, तेच. फायबरवर पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास ठाम, इथे पस्तीस ते साठ उड्या. मुलाच्या भाषेत, "आई, फायबरवर मी मारतो, एअरफायबरवर मला मारतात." वीस तारखेला जीएसटी पोर्टल कासव होतं, त्याचा मात्र दोष दोघांनाही देता येत नाही.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर मोबाईल नेटवर्कवर सहसा तुमचा स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा नंबर, नसतो, एका पत्त्यामागे अनेक घरं असतात. आमचा जुना डीव्हीआर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, बाहेरून थेट उघडायचा, तो बंद झाला. कंपनीच्या अ‍ॅपमधून चालणारे नवे कॅमेरे व्यवस्थित चालतात. केबलवाल्यांकडेही बऱ्याचदा हीच गत असते, फक्त तिथे थोडे पैसे देऊन वेगळा पत्ता मागता येतो.

पैशाचं बघू. जिओ एअरफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ५९९ ला आणि १०० चा ८९९ ला आला, एअरटेलने १०० साठी ७९९ लावले. सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ५९९ चे खिशातून ७०७ जातात. ओटीटी अ‍ॅप्स जोडून येतात, ती हवी असतील तर हिशेब बरा पडतो. बीएसएनएलच्या फायबरचा ३० चा प्लॅन ४४९ ला आला आणि त्यात महिन्याला ३३०० जीबी. जिओच्या एअरफायबरला १००० जीबीची मर्यादा. आमच्या घराला हजार पुरतात. चार जणांचं कुटुंब रोज मोठ्या टीव्हीवर फोरकेमध्ये बघत असेल, तर महिनाअखेरीस हात आखडावा लागेल.

वीज गेली की दोन्हीकडे इन्व्हर्टर लागतोच. फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला की काही तास निघतात. एअरफायबरच्या खोक्याला जरा जास्त लागतं, शिवाय आपल्या घरात दिवा असून उपयोग नाही, सड्यावरच्या टॉवरची बॅटरीही टिकायला हवी. लांबलेल्या लोडशेडिंगला ती आधी मान टाकते.

आणि तक्रार. कॉल सेंटरवरची मुलगी गोड बोलते, राउटर बंद करून चालू करायला सांगते आणि "आपल्या भागात काम सुरू आहे" म्हणते. कुठलं काम, कधी संपणार, तिलाही ठाऊक नसतं. केबलवाले दादा उशिरा येतात, पण ते बाजारात चहाच्या टपरीवर सापडतात.

तरीही मी एअरफायबर काढलेलं नाही. केबलवाल्याचा सगळ्यात स्वस्त प्लॅन कामासाठी ठेवलाय आणि जून ते ऑक्टोबर एअरफायबरचं महिन्या-महिन्याचं रिचार्ज. लाल दिवा लागला की लॅपटॉप दुसऱ्या वायफायवर टाकायचा आणि रिटर्न भरायचं. ज्यांच्याकडे फायबर यायची शक्यताच नाही, वरच्या धनगरवाड्यासारख्या घरांना, त्यांनी तर डोळे झाकून घ्यावं. मोबाईलच्या हॉटस्पॉटपेक्षा हे कितीतरी बरं.

घेण्याआधी एक करा. त्याच कंपनीचं ५जी सिम असलेला कोणाचा तरी फोन घेऊन रात्री साडेनऊला छपरावर जा आणि स्पीड टेस्ट लावा. अपलोडचा आकडा बघा. मगच पैसे भरा, आणि तेही महिन्याचे. वर्षभराचं भरलं तर बसवणुकीचे पैसे माफ होतात म्हणून मोहात पडू नका. नको झालं तर खोका उतरवायला कोण येणार, हेही बसवायला आलेल्या मुलांकडूनच विचारून घ्या, त्यांनी पाइप ठोकायच्या आधी.