कंबर धरलीये, कायरोप्रॅक्टर गाठू की फिजिओ? इंदूरकरांसाठी तुलना

रील्समधला तो मान मोडल्याचा कट्ट आवाज ऐकून आता रामबागेतल्या काकूंपासून सुदामा नगरच्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळे विचारतात की कायरोप्रॅक्टरकडे (मणक्याला हाताने धक्का देऊन उपचार करणाऱ्याकडे) जाऊ की नेहमीच्या फिजिओकडे, म्हणून दोन्हीकडे पहिल्यांदा गेल्यावर काय होतं ते नीट लिहिते.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच असायला हवी. कुठे दुखतं, कधीपासून, पायात मुंग्या येतात का, पडला होतात का, गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारणार, मग वाकायला लावणार, झोपवून पाय सरळ वर उचलून बघणार, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघणार. हे काही न करता कुणी थेट टेबलावर झोपा म्हणालं तर सरळ उठून घरी या, मग तो कितीही फेमस असो. आणि साध्या कंबरदुखीत प्रत्येकाला एक्स-रे लागतोच असं नाही.

खरा फरक पुढे आहे. कायरोप्रॅक्टर मणक्याच्या सांध्यावर हात ठेवून झटकन छोटासा धक्का देतो, त्याला अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा असतो, त्यामुळे आवाज नाही आला तरी काही बिघडलं नाही. बऱ्याच जणांना लगेच मोकळं वाटतं, नंतर एक-दोन दिवस अंग ठणकू शकतं. फिजिओकडे असं चटकन काही होत नाही, शेक, थोडं हाताने मोकळं करणं आणि मग व्यायाम, जे घरी रोज तुम्हालाच करायचेत, कंटाळवाणं आहे खरं पण दुखणं परत परत येत असेल तर कामाला तेच येतं. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये हेच सांगितलं की मणक्यावरचे हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालिश, मॅनिप्युलेशन (म्हणजे हाच मणक्याला धक्का) असे उपाय सुचवले होते, म्हणजे कायरोप्रॅक्टिक अगदीच थोतांड नाही. पण नवी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपही उतरते हेही लक्षात ठेवा.

शिक्षणाचं बघा. फिजिओची बीपीटी ही पदवी चार वर्षांची, वर इंटर्नशिप, आणि आरोग्य-व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात हा व्यवसाय आलाय. कायरोप्रॅक्टरचं आपल्याकडे वेगळं सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळे बोर्ड बघून काही कळत नाही, परदेशातली पूर्ण डिग्री आहे की चार दिवसांचा कोर्स ते तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेत डी. डी. पामरने सुरू केली, त्याला वाटायचं की जवळजवळ सगळे आजार मणके सरकल्याने होतात. आजही कुणी अ‍ॅडजस्टमेंटने शुगर किंवा थायरॉइड बरं करतो म्हणाला तर तिथे पैसे देऊ नका.

मानेबद्दल मी जास्तच कडक आहे. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण होतं, म्हणून आधीच सांगा की मान फिरवायची नाही. हाडं ठिसूळ झालेली आजी, रक्त पातळ करायची गोळी घेणारे काका, कॅन्सर होऊन गेलेले, यांनी झटका घ्यायचाच नाही. आणि मांड्यांच्या मधे बधिर वाटतंय, लघवी अडकलीये, पायातली ताकद जातेय, तर दोन्हीकडे जाऊ नका, त्याच दिवशी एमवाय हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा. (हाड बसवणारे पहलवान? दुखण्यामागे फ्रॅक्चर असेल तर ते कसं ओळखणार, म्हणून नकोच.)

माझं मत विचाराल तर ऑफिसच्या खुर्चीवर बसून महिनोन्महिने दुखतंय तर फिजिओ. नवी उसण आहे, पायात काही उतरत नाहीये आणि चांगला शिकलेला कायरोप्रॅक्टर माहीत आहे, तर एक-दोनदा जाऊन बघा, फक्त पहिल्याच दिवशी लांबलचक पॅकेजचे पैसे भरू नका, आणि जाताना सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट सोबत न्या.