फळ्या काढण्यासाठी जुने स्टिल ०७०

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील बागा आडव्या केल्या, तेव्हा फणस-आंब्याचे कित्येक जाड ओंडके केवळ वखारीपर्यंत नेणे परवडत नाही म्हणून जळणात गेले. ओंडका जिथे पडला आहे तिथेच चिरता यावा, या हेतूने स्टिल कंपनीचे जुने ०७० हे चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीचे यंत्र घेतले, पूर्ण उघडून पुन्हा बांधले आणि अलास्कन मिल या, ठरावीक जाडीच्या फळ्या काढू देणाऱ्या चौकटीवर चढवून फणसाच्या फळ्या काढल्या. त्या यंत्राविषयीचे हे मत आहे.

०७०ची मूळ रचना १९६०च्या दशकातली आहे. सिलिंडरचा व्यास ५८ मिमी, स्ट्रोक ४० मिमी, म्हणजे क्षमता सुमारे १०६ सीसी. आजच्या मोठ्या चेनसॉइतके ते वेगाने फिरत नाही, परंतु त्याची ओढ जबर आहे, आणि बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) लाकडाच्या पूर्ण रुंदीत रुतलेला असताना वेगापेक्षा ओढच कामी येते.

विक्रेत्याने ते ‘चालू कंडिशन’मध्ये दिले होते, आणि लाकूड तोडण्यापुरते ते खरेही होते. तोडताना इंजिनावर थोडा वेळ भार येतो आणि मग त्याला उसंत मिळते. चिरताना मात्र तेच इंजिन पूर्ण थ्रॉटलवर मिनिटामागून मिनिटे राबते. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, ऑइल सील वयोमानाने कडक झालेली असतील, तर तिथून हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोल कमी पडते, पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही कमी पडते, आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडू लागतो. तोडणीत वर्षानुवर्षे खपून जाणारी ही गळती चिरणीत एका ओंडक्यातच इंजिनाचा बळी घेऊ शकते. म्हणून कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टची तोंडे रबराने बंद करून, स्पार्क प्लगच्या जागी नळी बसवून सुमारे अर्धा बार दाब दिला आणि साबणाचे पाणी सोडले. मॅग्नेटोकडच्या (ठिणगीची वीज तयार होते त्या बाजूच्या) सीलभोवती बारीक फेस दाटून आला. दोन्ही सील बदलल्यावर मापकाची सुई जागची हलली नाही.

बाकीची दुरुस्ती साधी होती. कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) चामड्यासारखा ताठ झाला होता, तो बदलला; सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) घासून गॅप लावला; पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या. सिलिंडरला आतून क्रोमचा थर असल्याने तो बोअर करण्याच्या, म्हणजे आतून कातून मोठा करण्याच्या, फंदात पडू नये. नकली पिस्टन-सिलिंडरचे संच स्वस्त मिळतात, तरी मूळ सिलिंडर निर्दोष असेल तर तोच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीचे ऑइल नसेल तर पेट्रोलच्या लिटरला ४० मिलि ऑइल हे प्रमाण ठेवावे आणि कार्ब्युरेटरवर हवा-पेट्रोलचे मिश्रण किंचित जाड (पेट्रोल थोडे जास्त) सोडावे: मोकळे असताना इंजिन थोडे अडखळले पाहिजे, भार येताच ते सुरळीत झाले पाहिजे.

चिरण्याच्या कामात यंत्राने निराश केले नाही. पहिला छेद ओंडक्यावर पक्की बसवलेली सरळ शिडी धरून घ्यावा लागतो. पुढचे छेद आधीच्या सपाट पृष्ठावरून चौकट सरकवत निघतात, आणि मागे पाचरी ठोकत गेल्यास बार अडकत नाही. साध्या चेनच्या दातांचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. चिरण्यासाठी तो १० अंशांवर घासलेली चेन वापरली, तर पृष्ठभाग पुष्कळ गुळगुळीत येतो. दर टाकीला कानस फिरवणे आवश्यक आहे. धार आहे तोवर फणसाच्या गाभ्याचा पिवळाधमक, रवाळ भुसा पडतो. त्याची भुकटी होऊ लागली की थांबावे.

आता दोष. या यंत्राला चेन ब्रेक (यंत्र उसळले तर चेन तत्काळ थांबवणारी सोय) नाही, आणि हा दोष कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. बार-चेन सोडूनही वजन दहा किलोंच्या वर आहे, माझ्याकडच्या नगाच्या हँडलला रबराचे आधार नसल्याने हात बधिर होतात, आणि कानांवर मफ घातल्याशिवाय जवळ उभे राहवत नाही. ०.४०४ इंची चेन प्रत्येक छेदात ९ ते १० मिमी लाकूड खाते, तर वखारीतला पट्टी-करवत २ ते ३ मिमीत भागवतो. म्हणजे दहा छेदांमागे दोन-तीन फळ्यांचा भुसा अधिक होतो. ज्या ओंडक्यापर्यंत टेम्पो पोहोचतो, तो वखारीत नेणेच शहाणपणाचे. शिवाय फणस आणि आंबा महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा पडलेल्या झाडाबाबतही वनखात्याकडे आधी विचारणा करावी.

ज्याला इंजिन स्वतः उघडता येते किंवा दाब-चाचणी करून देणारा मेकॅनिक ज्याच्या ओळखीचा आहे, त्याने हे यंत्र निःशंक घ्यावे. फक्त फांद्या तोडायच्या असतील तर याच्या निम्म्या वजनाचे, ब्रेक असलेले नवे यंत्र घ्यावे.