ॲसिटामाइडची ५०० ग्रॅमची बाटली: माल चांगला, बाटली मोठी

ॲसिटामाइड म्हणजे ॲसिटिक आम्लाचं अमाइड, प्रयोगशाळेत लागणारं एक स्फटिकी रसायन. लॅब रिएजंट ग्रेड (प्रयोगशाळेच्या कामाचा दर्जा), लेबलवर शुद्धता ९९ टक्के. मालाबद्दल तक्रार नाही. स्फटिक पांढरे आणि मोकळे, वितळणबिंदू ७९ ते ८१ अंश सेल्सिअसच्या आत. उंदरासारखा वास जेमतेम येतो. शुद्ध ॲसिटामाइडला वास नसतोच, तो अशुद्धींचा असतो.

तक्रार आहे ती पॅकिंगची. हा पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेतो आणि बाटलीचं तोंड रुंद आहे. दर वेळी उघडताना थोडा दमटपणा आत जातो. आधी झाकणाच्या आट्यांवर चिकट थर धरतो, मग आतले स्फटिक खडा होऊन बसतात. असा नमुना वितळणबिंदू मोजायच्या केशनळीत साठ-सत्तर अंशांतच मऊ पडू लागतो. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा काढून पदार्थ सुकवायच्या बंद भांड्यात) संहत सल्फ्युरिक आम्लावर ठेवला की सुधारतो. तरीही अधूनमधून वापर असेल तर १०० ग्रॅमच्या बाटल्याच घ्याव्यात.

दमट माल सगळीकडे सारखाच नडतो असं नाही. ब्रोमीन आणि कॉस्टिक सोड्याने मिथिलअमाइन करायचं (हॉफमनची अभिक्रिया) तर माध्यम पाण्याचंच असतं. फक्त वजनात पाणी मोजलं जातं आणि ब्रोमीन जास्त पडतं. पाणी काढून घेणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडने ॲसिटोनायट्राइल करताना मात्र ओला नमुना चालत नाही. पेंटॉक्साइड पाण्यावरच खर्च होतं, मिश्रण तापतं, फेसाळतं.

घरचं, म्हणजे प्रयोगशाळेतच केलेलं, परवडतं का? वेळ असेल तर हो. ७७ ग्रॅम अमोनियम ॲसिटेटला निदान ६० ग्रॅम ग्लेशियल (जवळजवळ पाणीविरहित) ॲसिटिक आम्ल घ्यावं. आम्लात काटकसर केली की अमोनिया उडून जातो आणि उत्पादन घटतं. आधी रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात सोडत उकळणं), मग फ्रॅक्शनेटिंग कॉलममधून (वेगवेगळ्या तापमानाला उकळणारे घटक वेगळे करणाऱ्या उभ्या नळीतून) अगदी सावकाश ऊर्ध्वपातन: पाणी आणि जादा आम्ल निघून गेलं पाहिजे. घाई केली तर पाणी मागे राहतं आणि अभिक्रिया पुढे सरकत नाही. ॲसिटामाइड २२१ अंशांच्या आसपास उकळतं. तापमान दोनशेच्या वर चढू लागलं की कंडेन्सरचं पाणी बंद करावं, त्याहून बरं म्हणजे एअर कंडेन्सर (पाण्याऐवजी हवेने थंड होणारी नळी) लावावा. थंड नळीत ते गोठतं, वाट बुजते आणि आत दाब वाढतो. उत्पादन जास्तीत जास्त ५९ ग्रॅम, हातात त्याहून कमीच येतं. शुद्धीकरणासाठी थोड्याशा गरम मिथेनॉलमध्ये विरघळवून, ज्योत दूर ठेवून, ईथर घालावं, म्हणजे स्फटिक बाहेर पडतात.

विकतचं असो की केलेलं, एक चाचणी जरूर करावी. चिमूटभर नमुन्यावर थंड कॉस्टिक सोडा घाला. लगेच अमोनियाचा वास आला तर अमोनियम ॲसिटेट शिल्लक आहे. अमाइड तापवल्याशिवाय सहसा अमोनिया सोडत नाही. या बाटलीतला नमुना थंडात गप्प राहिला, उकळल्यावर लाल लिटमस निळा झाला.

लेबलवर कर्करोगाचा इशारा आहे, तो उगाच नाही: ॲसिटामाइड आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या) २बी गटात, म्हणजे 'संभाव्य' यादीत आहे. वितळवून द्रावक म्हणून वापरताना वाफ होते, तेव्हा फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढून नेणारं कपाट) हवाच.