कम्युनिटी ग्रँटचा अनुभव : साडेतीन स्टार, दीड स्टार बिलापायी गेला

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या दुकानाचा किंवा अ‍ॅपचा नाहीये. लोकांनी वर्गणी काढून चालवलेला एक छोटा निधी आहे, चौदा ते अठरा वयाच्या खेळाडू मुलांना वर्षातून एकदा ग्रँट देतो, साहित्य, प्रवास, कोचिंग असल्या खर्चासाठी. माझ्या भाचीला गेल्या वर्षी मिळाली. फॉर्म भरण्यापासून शेवटचा रिपोर्ट पाठवेपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात पडलं, कारण ताई म्हणाली तुला लिहिता येतं, तूच बघ. निधीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रारी पण आहेत आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत.

भाची पोल व्हॉल्ट करते. लांब बांबू घेऊन पळत यायचं आणि आडव्या दांडीवरून पलीकडे, तोच खेळ. बांबू म्हणायची आमची सवय, खरं तर साठच्या दशकापासून फायबरग्लासचाच जमाना आहे. बाहेरच्यांना वाटतं एक पोल घेतला की झालं. तसं नसतं हो. प्रत्येक पोलवर त्याची लांबी लिहिलेली असते आणि किती वजनाच्या माणसासाठी आहे तेही, शिवाय कडकपणाचा एक आकडा असतो, फ्लेक्स नंबर म्हणतात, पोलच्या मधोमध ठरलेलं वजन टांगून तो किती वाकतो ते मोजून काढतात, आकडा लहान म्हणजे पोल जास्त कडक. आता पंधरा वर्षांच्या पोरीचं वजन चार किलोने वाढलं, धावायचा स्पीड वाढला, पकड वीतभर वर सरकली की कालचा पोल तिला मऊ पडतो, नको तेवढा वाकतो, आणि तशा पोलवर उडी मारणं म्हणजे जिवाशी खेळ. बूट जसे लहान होतात तसे पोल लहान होतात, फक्त बुटांच्या कैकपट महाग. आणि साडेतीन-चार मीटरची ती वस्तू कुठल्या बसमध्ये घालणार? गाडीच्या टपावर बांधून न्यावी लागते. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने काय करायचं हे कुणी विचारत नाही.

स्वीडनचा पोल व्हॉल्टर डुप्लांटिस, त्याचे व्हिडिओ भाची रात्रंदिवस बघते. त्याच्या घराच्या मागच्या अंगणातच पोल व्हॉल्टचा पिट होता, वडील स्वतः व्हॉल्टर, आई हेप्टॅथलॉनवाली, म्हणजे सात प्रकारांची स्पर्धा खेळणारी. पठ्ठ्याच्या टॅलेंटबद्दल बोलायची आपली लायकी नाही, ऑलिंपिकची दोन सुवर्णं काही अंगणामुळे मिळत नाहीत, पण अंगण होतं हेही खरं. ज्या पोरांकडे ते नाही त्यांच्यासाठी हे असे निधी.

फॉर्म सोपा होता, हे मान्य करते. चार पानं, त्यात एक पान कोचने भरायचं, एक पान मुलीने स्वतःच्या हाताने लिहायचं, घरच्या उत्पन्नाचे कागद आणि खर्चाचा अंदाज. मुलीच्या पानावर मी एक शब्द बदलला नाही, फक्त एका ठिकाणी तिने 'मला आकाशात लटकायला आवडतं' असं लिहिलेलं ते खोडावं का यावर ताईशी अर्धा तास वाद झाला, शेवटी ठेवलं. फोटो वापरायची परवानगी वेगळ्या चौकोनात मागितली होती आणि नाही म्हटलं तरी अर्जावर परिणाम होणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं, हे मला फार आवडलं, लहान मुलांच्या बाबतीत एवढी काळजी सगळे घेत नाहीत. पैसे कोचच्या हातात द्यायचे नाहीत हाही नियम होता. बरोबरच आहे.

पण गुण द्यायची पद्धत! गेल्या बारा महिन्यांतल्या मेडल्सना सगळ्यात जास्त गुण. चौदा-पंधराव्या वर्षी मेडल कुणाला मिळतं? जो आधी वाढला त्याला. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या, पण कुणाची दोन वर्षं आधी तर कुणाची दोन वर्षं नंतर, आणि त्यात जन्मतारखेचा घोळ वेगळाच. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा बघितल्या तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेलेच ढीगभर, कारण वयोगटाची रेघ 1 जानेवारीला, जानेवारीतला पोरगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, तो निवडला जातो, मग त्यालाच चांगला कोच, जास्त मॅचेस, आणि चार वर्षांनी सगळे म्हणतात बघा आम्ही म्हटलं नव्हतं का. आमची भाची डिसेंबरातली, आणि वर उशिरा वाढलेली. तिच्या नावावर एक ब्राँझ होतं, तेही त्या दिवशी पाचच जणी उतरल्या होत्या म्हणून. नॉर्वेत 1987 पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियमच आहेत, तेराव्या वर्षाच्या आत राष्ट्रीय चॅम्पियनशिप वगैरे भानगडच नाही, आणि त्याच नॉर्वेने 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णं नेली. अर्थात त्यामागे बर्फ, पैसा अशी बाकी कारणंही आहेत, पण लहानपणी मेडल मोजली नाहीत म्हणून पुढे काही अडलं नाही एवढं तरी दिसतं. आम्हाला वाचवलं ते कोचच्या पानाने. त्यांनी मेडलबद्दल काही लिहिलंच नाही, दोन वर्षांची प्रगती लिहिली, पहिली उंची अमुक, आता तमुक, पकड किती वर गेली, धाव किती पावलांची झाली. तुमचा कोच 'मेहनती व होतकरू आहे' एवढं लिहून सही करणार असेल तर कृपया त्यांच्यापुढे हात जोडा आणि आकडे लिहून घ्या.

निकाल तीन आठवड्यांत आला, एका बाईंचा फोन, नंतर पत्र. रक्कम आम्ही मागितली त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. चला, ठीक.

आता खरी तक्रार. पैसे आधी मिळत नाहीत. आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं लावायची, मग दीड-दोन महिन्यांनी परत. अरे, ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत तो तुमच्या दारात कशाला येईल? आमच्याकडे भावजींनी कुठून तरी जुळवलं, पण भाचीबरोबर सराव करणारी एक मुलगी आहे, तिलाही त्याच वर्षी ग्रँट मंजूर झालेली, तिच्या घरी जुळलं नाही, मुदत संपली, पैसे निधीकडेच राहिले. मंजूर होऊन न मिळालेली ग्रँट! निदान अर्धी रक्कम आधी द्यावी, नाहीतर दुकानदाराला थेट द्यावी, हिशोबाची काळजी मला कळते, पण तो नियम नेमका चुकीच्या माणसाला गाळतो. यासाठी एक स्टार गेला.

उरलेला अर्धा स्टार बिलाच्या नावासाठी. वर सांगितलं तसं पोल वर्षभरात बदलतो, मग जुन्याचं काय करायचं? शहाणपणाची गोष्ट ही की पोल क्लबच्या नावावर घ्यायचा, आज ही वापरेल, उद्या हिच्यापेक्षा हलकी पोरगी वापरेल, रॅकवर चार वेगवेगळ्या वजनांचे पोल जमले की दहा पोरांची सोय. पण नियम काय तर बिल खेळाडूच्या किंवा पालकाच्या नावाचंच हवं. म्हणजे वर्षभराने तो पोल आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला. मी लांबलचक मेल लिहिला (थोडा तिरकस होता, मान्य), उत्तर आलं की नियमात बसत नाही. दुसरा लिहिला. मग त्याच बाईंचा फोन, म्हणाल्या, मला पोल व्हॉल्टमधलं काही कळत नाही, समजावून सांगा. वीस मिनिटं ऐकून घेतलं त्यांनी, मधे विचारत होत्या, कमिटीपुढे ठेवते म्हणाल्या, आणि खरंच ठेवलं, क्लबच्या नावाचं बिल चाललं. माणूस चांगला भेटला म्हणून काम झालं, नियम मात्र अजून तसाच आहे.

प्रवासाच्या पैशातून आम्ही तिला एका मोठ्या मीटला नेलं. टपावर पोल, आत आम्ही चौघं, पहाटे निघालो. आणि तिथे पोरगी नो मार्क. म्हणजे पहिल्याच उंचीवर तिन्ही प्रयत्न फेल, यादीत नावासमोर आकडाच नाही. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मला तर, खोटं कशाला सांगू, रिपोर्टचंच टेन्शन, लोकांच्या वर्गणीचे पैसे आणि निकालाच्या रकान्यात लिहायचं काय? भाचीने स्वतःच लिहिलं: 'नो मार्क. वारा समोरून होता, मी धाव सुरू करायची खूण पुढे घेतली नाही, कोचने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.' पाठवून दिलं. पैसे परत मागितले नाहीत, उलट बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात खूण म्हणजे काय असं विचारलेलं. भाचीने चित्र काढून पाठवलं.

मोठ्या पैशाच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. ब्रिटनला 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण, मग लॉटरीचा पैसा खेळात ओतला, 2012 ला लंडनमध्ये 29. पण तो पैसा मुख्यतः वर पोचलेल्यांसाठी. खालच्या पायरीवरच्या पोरांसाठी तिथे 1976 पासून स्पोर्ट्सएड नावाची संस्था आहे, डेकॅथलॉनचा डेली थॉम्पसन, रोइंगचा (होडी वल्हवायच्या शर्यतीचा) स्टीव्ह रेडग्रेव्ह अशांना सुरुवातीच्या काळात तिची मदत मिळालेली, आणि अटलांटाचं ते एकुलतं एक सोनं रेडग्रेव्ह-पिन्सेंट जोडीचंच होतं. तसंच तो केनियाचा ज्युलियस येगो, यूट्यूब बघून भाला शिकला आणि 2015 ला बीजिंगमध्ये 92.72 मीटर फेकून वर्ल्ड चॅम्पियन झाला, ही गोष्ट फॉरवर्ड करणारे मधला भाग गाळतात, की त्याला फिनलंडला जाऊन ट्रेनिंग करायची स्कॉलरशिप मिळाली होती. नुसत्या यूट्यूबवर नाही झालं ते.

ज्यांना अर्ज करायचाय त्यांच्यासाठी एवढंच, खर्चाच्या अंदाजात प्रवास वेगळा दाखवा, साहित्यात मिसळलात तर कात्री तिथेच लागते. दुकानाचं कोटेशन जोडा. फिजिओ आणि दुखापतीचा खर्च चालतो का ते विचारून घ्या, आमच्याकडे चालत होता, फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, घोटा मुरगळल्यावर चुकून कळलं. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी वेबसाइट हमखास झोपते.

पोल सध्या क्लबच्या रॅकवर आहे. भाचीला तो मऊ पडायला लागलाय, आता ती त्याच्या पुढच्या वजनाचा वापरते, तो आधी एका मोठ्या मुलीचा होता. आणि आमचा पोल आता ती मुलगी वापरते जिची ग्रँट मुदतीत बुडाली. तिची आई परवा आली होती, यंदा फॉर्म तुम्ही भरून द्याल का म्हणून. हो म्हटलंय, पण आधी त्या बाईंना फोन करून विचारणार आहे की यंदा तरी अर्धे पैसे आधी देताय का.